‘इथे काढण्यासारखं काहीच नाही’ असं वाटतं तेव्हा काय बघायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजले: कामानिमित्त तुमची भटकंती बरीच होते, पण मुक्काम पडतो तो पर्यटक जिथे उतरत नाहीत अशा गावांत. बस स्थानक, गोदामं, महामार्गाला चिकटलेली वस्ती, एकासारखी एक घरं. प्रसिद्ध ठिकाणी तुमचे फोटो चांगले येतात. या गावांत मात्र चार-दोन फ्रेम घेता आणि घरी येऊन बघितल्यावर नुसता पसारा दिसतो. सोबतचे लोक म्हणतात, ‘याचा काय फोटो काढायचा?’ आणि हळूहळू तुम्हालाही तसंच वाटायला लागतं. नजर कशी तयार करायची, त्यासाठी वेगळी लेन्स लागते का, आणि अशा फोटोत खरंच काही आहे की आपण स्वतःची समजूत घालतोय हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

बरीच वर्षं मी अशाच जागांचे फोटो काढते आहे. तुमची नजर कमी पडते असं मला वाटत नाही. प्रसिद्ध ठिकाणी फोटो जमतात, म्हणजे चौकट, उजेड, फोकस यांची समज तुमच्याकडे आहे. अडचण अशी आहे की तिथे जे करता तेच तुम्ही इथे करता. धबधबा किंवा बर्फाचं शिखर समोर असलं की विषय आयता मिळतो. तो नीट चौकटीत बसवला की काम झालं. मग साध्या गावात शिरल्यावरही डोळे आपोआप वस्तूच शोधत राहतात: एखादी देखणी इमारत, एखादं रंगीत दार, एखादा सुरकुतलेला चेहरा. ते सापडलं नाही की ‘इथे काही नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. दुर्लक्षित जागेत एकटी वस्तू फोटो तोलून धरेल असं फार क्वचित होतं. तिथे बघायचं असतं ते दोन गोष्टींमधलं नातं. ऊन आणि भिंतीचा पोत, सावली आणि पायरीची कड, माणसाची रोजची सवय आणि तिने जागेवर उमटवलेली खूण. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

आधी एक सांगते. यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. दोन गाड्यांच्या मधला पाऊण तास आणि दोन दिवसांचा मुक्काम यांत मोठा फरक पडतो. सोबत कुणी ताटकळत उभं असेल तर थांबणं जमत नाही, आणि माझ्या पद्धतीत थांबणं हेच मुख्य काम आहे. हवामान, ऋतू, त्या भागात कॅमेरा घेऊन फिरणं कितपत सुरक्षित आहे, हे काही आपल्या हातात नसतं. एकट्या बाईला जी गल्ली संध्याकाळी टाळावी लागते ती दुसऱ्या कुणाला सहज चालेल. तेव्हा याला नियम समजू नका. माझ्या कामात काय उपयोगी पडलं आणि का, तेवढं सांगते.

एक जागा अगदी जवळून बघू. लहानशा बस स्थानकातली बसायची खोली. भिंतीला लागून लांबलचक बाक, वर ट्यूबलाइट, एका टोकाला उघडं दार. आत शिरल्यावर एवढंच दिसतं, आणि एवढ्याचाच फोटो काढला तर तो बाकाचा फोटो होतो. आता बाकाच्या वरची भिंत बघा. भिंतीला ऑइलपेंट असेल तर बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवर ओळीने गोलसर, तेलकट, काळपट डाग दिसतील. दाराजवळचे डाग गडद असतात, कारण गाडी लागलेली दिसावी म्हणून लोक तिकडेच बसतात. आतल्या कोपऱ्याकडे ते फिके होत जातात आणि शेवटच्या जागेवर जवळजवळ नसतातच. वर्षानुवर्षं तिथे टेकलेल्या डोक्यांनी ती रांग काढलेली आहे. कुणाच्या मनातही नसताना.

ती फोटोत उतरवायची कशी? ट्यूबलाइटखाली ते डाग नुसते मळकट दिसतात, आणि समोरून सरळ फोटो काढला तर ‘भिंत रंगवायला झाली आहे’ एवढंच त्यातून कळतं. पण दारातून येणारं ऊन जेव्हा भिंतीला घासून आत सरकतं, तेव्हा तेलकट भाग चमकतो आणि भोवतालचा जुना रंग निस्तेज राहतो. मघाचा काळा डाग आता उजळ वर्तुळ होतो. ही चमक दिसण्यासाठी उभं राहायची जागाही ठरलेली असते. दाराच्या विरुद्ध टोकाला, भिंतीला जवळजवळ खेटून, तोंड दाराकडे. तिथून भिंतीवरून निसटलेला उजेड थेट लेन्समध्ये येतो आणि वर्तुळांची ओळ लहान लहान होत दाराकडे जाते. खोली अंधारी असल्यामुळे कॅमेरा सगळंच उजळ करायला बघेल आणि वर्तुळं पांढरी फटफटीत होतील. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यायचा ते ठरवणारी सेटिंग) एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतकं, खाली घ्या, गरज पडली तर दीड. मग थांबा. कुणी येऊन बसलं आणि डोकं बरोबर त्या वर्तुळावर टेकलं, तर सगळं एका फ्रेममध्ये येतं. अर्थात त्या माणसाला विचारून. त्याबद्दल पुढे लिहिते. नाही आलं कुणी, तरी रिकाम्या भिंतीवरची ती ओळ स्वतःच्या पायावर उभी राहते.

बघा, या फोटोतली कुठलीही एक गोष्ट काढून घेतली की तो संपतो. ऊन गेलं की मळ उरतो, डाग गेले की ऊन नुसतं भिंतीवर पडलेलं दिसतं. वस्तूंच्या मधलं नातं म्हणते ते हेच.

प्रकाशाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण साध्या जागांत निम्म्याहून जास्त काम तोच करतो. बहुतेक जण ‘सकाळ-संध्याकाळचं सोनेरी ऊन’ एवढंच पाठ करून ठेवतात. ते ऊन सगळ्यावर सारखाच गोडवा चढवतं, म्हणून मी त्याच्या मागे फारशी लागत नाही. त्याचा खरा उपयोग रंगापेक्षा कोनासाठी होतो. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. ऊन भिंतीला समांतर येतं ती वेळ थोडकी असते, आणि तेवढ्यापुरता गिलाव्याचा प्रत्येक खडा, रंगाचा प्रत्येक पोपडा स्वतःची सावली टाकतो. वीस मिनिटांपूर्वी ती भिंत सपाट होती, वीस मिनिटांनी पुन्हा सपाट होईल. म्हणून गावात पोचल्यावर मी आधी दिशा बघून ठेवते. कुठली भिंत पूर्वेकडे, कुठली पश्चिमेकडे, कुठल्या गल्लीत ऊन फक्त दुपारीच उतरतं. फोनमधलं होकायंत्र त्यासाठी पुरतं.

दुपारच्या कडक उन्हाला सगळे नावं ठेवतात, पण पत्रे, जिने, कठडे, बाहेर आलेले छज्जे यांच्यासाठी ते उत्तम असतं. सावल्या काळ्याभोर आणि धारदार पडतात, त्यामुळे कुरूप इमारतीचंही भूमितीच्या आकृतीत रूपांतर होतं. नालीदार पत्र्याच्या भिंतीवर डोक्यावरून तिरपं ऊन आलं की एकाच रंगाच्या पत्र्यावर बारीक पट्टे उमटतात. तेव्हा रंग विसरून कृष्णधवल विचार करा.

ढगाळ हवा माझी सगळ्यात आवडती. सावल्या विरघळतात आणि रंग स्वतःचा बोलायला लागतो. गंज, शेवाळ, ओल, जुन्या निळ्या रंगाखालून डोकावणारा त्याहून जुना हिरवा, हे सगळं उन्हात करपून जातं आणि ढगाखाली फुलतं. पाऊस नुकताच थांबला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ओल्या पृष्ठभागाचा रंग गडद होतो. ओल्या डांबरावर मात्र आकाशाची चकाकी येते. ती नको असेल तर पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) फिरवून कमी करता येते.

आणि संध्याकाळ. सूर्य मावळल्यावर काही वेळाने एक क्षण असा येतो की आकाशाचा उजेड आणि खिडक्यांतला उजेड साधारण सारखा होतो. त्याआधी खिडक्या काळ्या दिसतात, त्यानंतर आकाश काळं होतं. हा अवधी किती टिकेल ते तुम्ही विषुववृत्तापासून किती लांब आहात आणि ऋतू कोणता यावर ठरतं. विषुववृत्ताजवळ तो झटकन सरतो. या वेळी एकच करा: व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून काढून ‘डेलाइट’वर ठेवा. बाहेरचा उजेड त्या वेळी निळसर असतो, घरातला बल्ब पिवळा असतो, आणि या दोघांच्या फरकातच संध्याकाळ असते. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा तो फरक पुसायला जातो आणि फोटो दुपारच्या ऑफिससारखा दिसतो. रस्त्यावर जुने, कमी दाबाचे पिवळे सोडियमचे दिवे असतील तर रंग मिळतील ही अपेक्षाच सोडा. त्यांचा उजेड जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, त्यामुळे लाल-हिरवं-निळं सगळं एकाच पिवळटात बुडतं. तिथे आकार बघायचे.

आता दुसरी गोष्ट, विषय आवळणं. ‘या गावातलं सौंदर्य शोधू’ असं म्हणून बाहेर पडलात तर दिवसभर पायपीट होईल आणि हाती काही लागणार नाही. डोळ्यांना काहीतरी नेमकं काम द्यावं लागतं. मी बरेचदा दुरुस्त्या शोधते. तुटलेल्या खुर्चीच्या पायाला गुंडाळलेली तार, फुटलेल्या तावदानावर आतून चिकटवलेला पुठ्ठा, फाटकाची एकच फळी नवी आणि बाकीच्या जुन्या, भिंतीवर भेग बुजवल्यावर तेवढ्यापुरता लावलेला किंचित वेगळ्या छटेचा रंग. दुरुस्ती दिसली म्हणजे कुणीतरी त्या वस्तूकडे लक्ष दिलं, ती टाकून दिली नाही. त्या तारेच्या वेटोळ्यांत हात दिसतो. काहींनी घाईत चार फेरे मारलेले असतात, काहींनी एकाला एक लावून, टोक आत खोचून, बसणाऱ्याला टोचणार नाही याची काळजी घेतलेली असते. अशा तारेचा फोटो मी जवळून, बाजूच्या उजेडात काढते, आणि वस्तू कोणती आहे हे ओळखू येण्याइतका भाग चौकटीत ठेवते. नुसत्या तारेचा अगदी जवळचा फोटो नक्षीसारखा दिसेल, पण खुर्ची टिकवण्यासाठी केलेली धडपड त्यातून निघून जाईल.

तुम्ही दुसरं काही धरा. पायऱ्या, दारावरच्या घंटा, वाळत घातलेले कपडे, रस्ता संपतो त्या जागा. एका विषयाची ताकद काय असते हे बघायचं असेल तर जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याचं काम शोधून बघा. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढले. ढगाळ आकाश, समोरून सरळ कोन, माणूस नाही, नाट्य नाही, आणि मग एकाच प्रकारच्या बांधकामांचे फोटो ओळीने शेजारी शेजारी मांडलेले. एक टाकी बघून तुम्ही पुढे जाल. नऊ टाक्या एकत्र दिसल्या की प्रत्येकीची मान, खांदे, पाय वेगळे दिसायला लागतात. १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. फोटोंना शिल्पाचा सन्मान. ही पद्धत प्रवासात फार सोयीची आहे, कारण एका गावात दोनच चांगल्या फ्रेम मिळाल्या तरी त्या वाया जात नाहीत. पुढच्या गावातल्या फ्रेम त्यांच्या शेजारी येऊन बसतात.

फिरताना पहिला फेरा मी कॅमेरा पिशवीत ठेवून मारते. कॅमेरा हातात असला की दर पन्नास पावलांवर काहीतरी काढावंसं वाटतं आणि नजर थिटी राहते. मुख्य रस्ता सोडून इमारतींच्या मागच्या बाजूला जा. पुढची बाजू लोकांनी दाखवण्यासाठी सजवलेली असते. मागे पाइप, पाण्याचे ओघळ, कुंड्या, जिने, कपडे, माणसांनी स्वतःच्या सोयीने केलेली मांडणी असते. सरहद्दीच्या जागाही बघा: फलाटावरचं छप्पर संपतं तिथे, वस्ती आणि शेत मिळतं तिथे, डांबर संपून माती सुरू होते तिथे. दोन प्रकारच्या गोष्टी एकमेकींना भिडतात तिथे नाती आपसूक दिसतात.

उंची बदला, हेही त्यातच आलं. अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांचा मेम्फिसमधल्या एका लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीचा फोटो प्रसिद्ध आहे. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून काढलेला, त्यामुळे ती गंजकी सायकल मागच्या घरांपेक्षा आणि मोटारीपेक्षा भव्य दिसते. उभ्याने काढली असती तर अंगणात विसरलेलं एक खेळणं दिसलं असतं. १९७६ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं रंगीत फोटोंचं प्रदर्शन झालं तेव्हा अनेक समीक्षकांना ते अतिसामान्य वाटलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी रॉचेस्टर इथे वाहनतळ, नव्या वसाहती, कारखान्यांच्या शेड असल्या विषयांवरचं ‘न्यू टोपोग्राफिक्स’ हे प्रदर्शन भरलं होतं, आणि तिथल्याही अनेक प्रेक्षकांना ‘यात बघायचं काय’ हाच प्रश्न पडला होता. आज फोटोग्राफी शिकणाऱ्यांना ही दोन्ही प्रदर्शनं टाळता येत नाहीत. तुमच्या सोबत्यांचा प्रश्न वाईट हेतूचा नाही. तो फार जुना आहे, एवढंच.

किंबहुना या कलेची सुरुवातच अशा दृश्याने झाली. कॅमेऱ्याने काढलेला आणि आजवर टिकलेला सर्वांत जुना फोटो फ्रेंच संशोधक निसेफोर निएप्स यांनी १८२६ किंवा १८२७ मध्ये आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून काढला. त्यात आहेत छपरं आणि भिंती. एक्स्पोजर इतका लांबला की सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसतात.

इथवरचं थोडक्यात: वस्तूऐवजी वस्तूंमधलं नातं, कुठल्या वेळी कुठल्या पृष्ठभागावर कसा उजेड याचा अंदाज, आणि एक आवळलेला विषय. आता लेन्स.

नवी लेन्स घेऊ नका, निदान या कारणासाठी नको. ३५ किंवा ५० मिमी यांपैकी एक असेल तर तेवढीच लावा आणि झूम घरी ठेवा. एकच फोकल लेंथ (लेन्सवरचा हा मिमीचा आकडा) वापरली की चौकटीत किती मावेल हे कॅमेरा उचलायच्या आधीच कळायला लागतं. तुम्ही बरेचसे फोटो फोनने काढता असं लिहिलं आहे, आणि ‘घरी आल्यावर पसारा दिसतो’ याचं एक साधं कारण त्यातच असावं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची चौकट साधारण २४ ते २६ मिमी लेन्सइतकी रुंद असते. तुम्हाला एका दारात काहीतरी दिसतं, तुम्ही रस्त्याच्या पलीकडूनच फोटो काढता, आणि त्या दाराबरोबर विजेच्या तारा, तीन मोटारी आणि कचरापेटीही आत येते. डोळा त्या क्षणी दारावर खिळलेला असतो म्हणून बाकीचं जाणवत नाही. फोटोत सगळ्याला सारखंच महत्त्व मिळतं. रस्ता ओलांडा. जवळ जा, मग अजून थोडं जवळ जा. जाता येत नसेल तर दुप्पट झूम चालेल. आणि शटर दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. मधलं आपण बघतच असतो, फोटो बिघडतो तो कडांवर.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. जागा दुर्लक्षित आहे, ती कुणाकडून? तिथे राहणाऱ्याने ती रोज बघितलेली असते. कुठल्या पायरीवर पाय घसरतो, कुठल्या खिडकीतून वारा येतो, सगळं त्याला पाठ असतं. दुर्लक्ष आपलं असतं, बाहेरून येणाऱ्यांचं. हे ध्यानात राहिलं नाही की हात आपोआप पडझडीकडे वळतो. भेगा, पोपडे, फुटक्या काचा फोटोत देखण्या दिसतातच, त्याला फार कौशल्य लागत नाही. पण त्याच भिंतीच्या आत कुणी ओलीमुळे आजारी असेल, तर आपण त्याच्या त्रासाची नक्षी करून घेऊन चाललो आहोत. अशा फोटोंवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. स्वतःला एक प्रश्न विचारते: या दारामागे राहणाऱ्या माणसाला हा फोटो मी समोर बसून दाखवू शकेन का? शकेन असं वाटलं तर काढते, आणि जमेल तेव्हा खरंच दाखवते.

दाखवण्यातून फार काही मिळतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपली भिंत बघून लोक बोलायला लागतात. हा रंग कुठल्या निमित्ताने दिला होता, ही खिडकी कधी बुजवली, ते लोखंडी कडं कशासाठी आहे. मग ‘तुम्हाला असलंच बघायचंय तर मागे चला’ म्हणून ते अशी एखादी जागा दाखवतात जी मला कधीच सापडली नसती. झोपलेली माणसं, आजारी माणसं, एकटी मुलं यांचे फोटो मी काढत नाही. लहान मूल चौकटीत हवं असेल तर आई-वडिलांना विचारून. रेल्वे, बंदर, कारखाने, लष्करी हद्द यांचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आधी बघून घ्या. आणि एखादी जागा नाजूक असेल, पडकी, किंवा कुणाच्या घरालगतची, तर फोटो टाकताना नेमकं ठिकाण देऊ नका; फोनमधली ठिकाणाची नोंदही काढून टाका.

दूर गेल्याशिवाय हे जमत नाही असंही समजू नका. प्रवासाचा फायदा एवढाच की नव्या जागी डोळे आपसूक जागे असतात. तीच जाग परत आल्यावर टिकवणं अवघड आहे, पण तिचं फळ मोठं आहे. प्रागचे छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. १९४० पासून पुढे अनेक वर्षं ते आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिले. काचेवरची वाफ, ओघळणारे थेंब, दव, बाहेर एक वाकडं झाड. खिडकी तीच, झाडही तेच, फरक ऋतूचा आणि काचेवरच्या ओलीचा. ते फोटो सलग बघितले की मी वर जे नातं म्हणते आहे ते माझ्या शब्दांपेक्षा जास्त स्पष्ट कळेल. जमलं तर एकाच साध्या गावात दोनदा जा, वेगळ्या ऋतूत. दुसऱ्या खेपेला तुम्हाला कुठे उभं राहायचं ते माहीत असतं.

आता शेवटचा प्रश्न: फोटोत खरंच काही आहे का, हे ओळखायचं कसं. काढल्या दिवशी ठरवू नका. त्या दिवशी तुम्हाला तिथला वास, वारा, चालून दुखणारे पाय सगळं आठवत असतं, आणि फोटोत नसलेलं ते तुम्ही त्यात बघता. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग फोटो पडद्यावर काडेपेटीएवढा लहान करून बघा. तेवढ्या आकारातही उजेड-अंधाराची मांडणी ओळखू येते का? येत नसेल तर बहुधा फोटो तपशिलांच्या ढिगावर उभा आहे. नंतर तो उलटा करून बघा. वस्तू ओळखू येईनाशा झाल्या की तोल गेलेला लगेच दिसतो. आणि फोटोत काय घडतंय ते एका वाक्यात सांगायचा प्रयत्न करा. ‘जुनं दार’ एवढंच सांगता येत असेल तर फोटो अजून वस्तूवर थांबलेला आहे. ‘दाराची सावली शेजारच्या नव्या दारावर पडली आहे’ असं सांगता आलं तर त्यात काहीतरी सापडलं आहे.

या तिन्ही कसोट्यांवर न टिकणारे सगळे फोटो पुसून मात्र टाकू नका. फोटोला दोन प्रकारची किंमत असते, एक मांडणीची आणि दुसरी नोंदीची, आणि दुसरी कळायला वेळ लागतो. फ्रेंच छायाचित्रकार यूजीन अत्जे यांनी १८९० च्या दशकाच्या शेवटापासून १९२७ मध्ये वारले तोपर्यंत पॅरिसमधली जुनी दारं, जिने, अंगणं, दुकानांच्या काचा १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचपट्ट्यांवर टिपल्या. चित्रकारांना संदर्भासाठी ते हे फोटो विकत, आणि स्वतःच्या कामाला दस्तऐवज म्हणत. मृत्यूनंतर त्यांचा साठा अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस ॲबट यांनी मिळवून जपला आणि १९६८ मध्ये तो म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला. त्यांतल्या कितीतरी जागा आज उरलेल्या नाहीत.

म्हणून प्रत्येक गावाचा वेगळा फोल्डर करा आणि त्याच रात्री, आठवण ताजी असताना, ठेवलेल्या फोटोंना एकेक ओळ जोडा. तारीख फाइलमध्ये असतेच; दिशा, वेळ आणि भिंत कशाची ते तुम्ही लिहा. कुणी काही सांगितलं असेल, म्हणजे हे आधी काय होतं, आता काय होणार आहे, तर तेही त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. नाव मात्र त्यांनी हो म्हटलं तरच.